खारीची दोन पिल्लं, एकाचं वजन ४७ वरच अडकलंय. काय खायला घालू? (ठाणे)

ढोकाळी_गॅलरी | २० जून, रात्री १०:१२

नमस्कार, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल पण सगळं सांगते.

मे महिन्यात आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी झाली, त्यात सोनमोहराच्या एका फांदीबरोबर खारीचं घरटं खाली आलं. काथ्या, गोधडीतला कापूस, कुणाच्या तरी मॉपचे दोरे असं सगळं गोळा करून केलेलं. आत दोन पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर नुसती बारीक लव. बुटाच्या खोक्यात घालून संध्याकाळपर्यंत त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवली, मी लांब जिन्यात बसून होते, पण करवतीचा आवाज बंद होईना आणि दोन मांजरं सारखी घिरट्या घालत होती. आई आली नाही. शेवटी घरी आणली.

लेकीने नावं ठेवली तीळ आणि गुळी. पहिल्या दिवशी वजन तीळ १६ ग्रॅम, गुळी १७. पहिले तीन आठवडे कुत्र्याच्या पिल्लांची दुधाची पावडर दिली, मग डबा संपला आणि एकांनी सांगितलं की आता डोळे उघडलेत, खातायत, तर साधं दूध पाणी घालून दिलं तरी चालेल. म्हणून आता पिशवीचं दूध दिवसातून दोनदा. बाकी भिजवलेले शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, दुधात चपाती, मारी बिस्कीट, सफरचंद, काकडी, कधी अंजिराचा तुकडा.

आज गुळी ६१ ग्रॅम आहे. तीळ ४७. आणि चार दिवस झाले ४७ च, हलायलाच तयार नाही. गुळी छान गुबगुबीत, शांत, हातावर बसून राहते. तीळ सारखा पळत असतो, पडद्यावर, पंख्याच्या वायरीवर, खायला दोन मिनिटं थांबत नाही. रात्री मला झोप लागत नाही याच्या वजनापायी. काय दिलं तर तीळचं वजन वाढेल?

---

पाचपाखाडीकर | २० जून, रात्री १०:४०

बदाम भिजवून सोलून वाटून द्या, आणि चपातीला किंचित तूप. आमच्या गच्चीवरच्या खारी अक्रोड एका मिनिटात संपवतात.

---

सीवूड्सवाली | २० जून, रात्री ११:०५

ताई आधी एक विचारू का, वजन कशावर करता? किचनचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि हलका जीव असला की दोन ग्रॅम इकडे तिकडे सहज होतं. सोनं तोलायचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो तीन-चारशेला, तो पॉइंटपर्यंत दाखवतो. आणि वजन रोज एकाच वेळी, सकाळी पहिल्या दुधाच्या आधी, शी-शू झाल्यावर. दूध पाजून केलं की दोन ग्रॅम दुधाचेच येतात. आज दुधाआधी आणि उद्या दुधानंतर असं झालं की वाढ झाली का घट काहीच कळत नाही.

शी कशी आहे तेही सांगा. गोळ्या-गोळ्या आहेत का पातळ?

---

खारघर_हिल | २० जून, रात्री ११:३१

एक गोष्ट कुणीतरी बोलायला हवी म्हणून बोलतो, राग मानू नका. खारूताई हा वन्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ती पाळता येत नाही. तुम्ही जीव वाचवलात हे फार मोठं काम केलंत, पण वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून कळवून ठेवा, ते जवळच्या बचाव करणाऱ्या लोकांशी जोडून देतात. पुढे सोडायची वेळ येईल तेव्हाही तेच लोक लागतील.

---

ढोकाळी_गॅलरी | २१ जून, सकाळी ७:५०

@सीवूड्सवाली काटा किचनचाच आहे, १ ग्रॅमवाला. वेळ ठरलेली नव्हती, आजपासून सकाळीच करेन. तीळची शी काळ्या तांदळासारखी, सुटी. गुळीची जरा मऊ.

@खारघर_हिल राग कसला दादा. पाळायची नाहीयेतच, आजच फोन करते.

---

येऊर_वाटसरू | २१ जून, सकाळी ९:१५

ताई, मी ठाण्यातच अशी पिल्लं बरीच वर्षं बघतोय आणि तुमची पोस्ट तीनदा वाचली. तीळ ठीक वाटतोय मला. मला काळजी गुळीची वाटतेय.

नीट सांगतो. साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू दूध कमी करून खाण्यावर येत असतं, त्याच वेळी धावपळ दुप्पट होते, त्यामुळे काही दिवस काटा जागेवर थांबतो, कधी अर्धा-एक ग्रॅम मागेही जातो. पडद्यावर चढणारं, उडी मारणारं, नीट शी करणारं ४७ ग्रॅमचं पिल्लू आजारी नसतं. आपली खार पूर्ण वाढली तरी शंभर ग्रॅमच्या आसपासच भरते, म्हणजे ४७ हे काही थोडं नाही.

पण या वयाची खार हातावर शांत बसून राहते हे मला पटत नाही. या वयात ती एका जागी दहा सेकंद टिकत नाही. गुळी काय खाते ते बघा. दोघांना एकाच वाटीत देत असाल तर ती आधी सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे उचलत असणार आणि तीळला काकडी, अंजीर, दूध उरत असणार. बरोबर का?

सूर्यफुलाच्या बियांत १०० ग्रॅममागे कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर आणि फॉस्फरस साडेसहाशेच्या वर. शेंगदाण्यातही फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट. खायला हवं त्याच्या उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट. फॉस्फरस असा जास्त झाला आणि कॅल्शियम आलंच नाही की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडातून काढून घेतं. बाहेरून पिल्लू गोल, वजन मस्त, आणि आत हाडं खडूसारखी. काट्याला हे दिसत नाही. त्यात पावडर बंद झाली, ज्यातून कॅल्शियम मिळत होतं, आणि जूनमध्ये ऊन नाही, घरातल्या घरात वाढतंय. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही, ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते.

आज तीन गोष्टी बघा. गुळी पडद्यावर चढते का, का नुसती टॉवेलवर फिरते. चालताना मागचे पाय पोटाखाली येतात का बाजूला फाकतात. आणि तुम्ही उचलताना कंबरेशी हात लागला तर आकसते किंवा ओरडते का. व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला.

---

ढोकाळी_गॅलरी | २१ जून, दुपारी १:२०

माझे हात थरथरतायत लिहिताना. गुळी चढत नाही. आठवून बघितलं तर गेला आठवडाभर ती पडद्यावर गेलीच नाहीये, मला वाटलं स्वभाव शांत आहे. मागचा डावा पाय थोडा बाहेर पडतो. वाटीचंही तुम्ही म्हणालात तस्संच, बिया ती संपवते. मी रोज तिचं वजन बघून खूश होत होते.

---

नौपाडा_आजी | २१ जून, दुपारी २:०५

अगं घाबरू नकोस बाळा, वेळेत कळलंय. पण मला सांगा, आमच्याकडे गाईम्हशींना आणि बाळंतिणीला सुद्धा चुन्याची निवळी द्यायचे कॅल्शियमसाठी. पानाला लावतो तो चुना गव्हाएवढा दुधात घातला तर चालेल का?

---

सीवूड्सवाली | २१ जून, दुपारी २:३०

आजी, खारीला नको. चुना जहाल असतो, एवढ्याशा जिभेला आणि अन्ननळीला भाजतो, आणि गव्हाचा दाणा आपल्याला छोटा वाटतो पण ६० ग्रॅमच्या जिवाला तो फार होतो.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगते, ड जीवनसत्त्वाचं ते ६०,००० युनिटचं साशे मिळतं ना मेडिकलमध्ये, त्यातलं चिमूटभर सुद्धा स्वतःच्या मनाने देऊ नका. ते ६० किलोच्या माणसाला आठवड्यातून एकदा असतं. ड जास्त झालं तर कॅल्शियम किडनीत साठतं आणि पिल्लू त्यानेच जातं. मी हे डोळ्यांनी बघितलंय, शेजारच्यांनी प्रेमानेच दिलं होतं, तीन दिवसांत संपलं. डोस डॉक्टरच ठरवणार, तोही वन्यप्राणी किंवा पक्षी-ससे बघणारा डॉक्टर.

---

येऊर_वाटसरू | २१ जून, दुपारी २:४५

+१. ताई तुम्ही आजच जा. जाईपर्यंत गुळीला उंच पिंजऱ्यात किंवा पडद्याजवळ ठेवू नका, बसक्या खोक्यात मऊ फडकं घालून ठेवा, हाड ठिसूळ असेल तर एका उडीत मोडतं. बिया, शेंगदाणे, बिस्कीट, चपाती सगळं आत्तापासून बंद. पावडरचं दूध परत सुरू.

---

ढोकाळी_गॅलरी | २२ जून, रात्री ९:३०

काल १९२६ वर फोन केला, त्यांनी एका स्वयंसेवकाचा नंबर दिला आणि त्यांनीच डॉक्टर सुचवले. पावसात रिक्षाने गेलो, गुळी माझ्या ओढणीत. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी दाखवलं, हाडं फिकट दिसतायत, निरोगी असती तर पांढरी ठळक दिसली असती. मोडलेलं कुठे नाही. कॅल्शियमचं सिरप थेंबांत मोजून, दिवसात चार वेळा विभागून दिलंय, ड चे थेंब वेगळे. म्हणाले अजून आठवडा गेला असता तर झटके आले असते.

तीळलाही तपासलं. कमी वजन म्हणून मी ज्याच्यासाठी रडत होते तो एकदम ठणठणीत.

---

पाचपाखाडीकर | २२ जून, रात्री ९:५२

मी वर बदाम आणि तूप सांगितलं होतं ते मागे घेतो. माहीत नव्हतं. बदाम पण बंद का सगळे?

---

येऊर_वाटसरू | २२ जून, रात्री १०:३०

बदामात बाकी दाण्यांपेक्षा कॅल्शियम बरं असतं पण फॉस्फरस त्याहून जास्तच, म्हणून आठवड्यातून एखादा तुकडा, निरोगी पिल्लाला. तूप, मीठ, साखर, बिस्कीट, चपाती, फरसाण काहीच नको.

झाडावरची खार काय खाते ते आठवा म्हणजे उत्तर मिळतं. सकाळी येऊरला किंवा उपवनच्या काठाने चाला आणि नुसतं बघा. उंबराची फळं, वडाची फळं, जांभूळ, पेरू, कोवळे कोंब, कळ्या, पळसाच्या आणि पांगाऱ्याच्या फुलातला मध, झाडाची साल, किडे, मुंग्यांची अंडी, संधी मिळाली तर पक्ष्याचं अंडंसुद्धा. बी हा त्यातला एक भाग, तोही ती कष्टाने फोडून खाते. आपण वाटीत सोललेल्या बियांचा ढीग ठेवतो तसा तिला जंगलात कधीच मिळत नाही. आणि लाडकं दिसलं की ती बाकीचं सोडून तेच खाते, आपली पोरं भाजी सोडून वेफर खातात तसं. म्हणून वाटी आपण ठरवायची, तिच्यावर सोपवायची नाही.

घरात मिळणारं: शेवग्याचा पाला (हा फार चांगला, कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त), अंजीर, उंबर मिळाला तर सोनं, दोडका, कोबी, ब्रोकोली, रताळं थोडं. पालक आणि राजगिऱ्याचा पाला नको, त्यातलं ऑक्सालेट कॅल्शियम धरून ठेवतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिची पातळ पेज दूध सोडवताना चालते, साखर न घालता. आणि समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड, कॅल्शियमचं) एक तुकडा पिंजऱ्यात बांधून ठेवायचा, पक्ष्यांचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडायला काहीतरी लागतंच, ते काम पण होतं. पेरूच्या, जांभळाच्या सालीसकट फांद्या द्या. फवारणी केलेल्या नकोत, हायवेच्या कडेच्या तर नकोच.

---

ऐरोली_सेक्टर | २३ जून, पहाटे ५:४०

सॉरी धाग्यात मधेच घुसतोय. काल रात्री वॉचमनला गेटपाशी पिल्लू मिळालं, डोळे बंद, १९ ग्रॅम, अंग गार आहे. दूध किती देऊ? ड्रॉपरने देतोय तर नाकातून येतंय. प्लीज लवकर सांगा.

---

सीवूड्सवाली | २३ जून, सकाळी ५:५५

दूध थांबवा!! आत्ता लगेच. नाकातून येतंय म्हणजे फुप्फुसात जायची भीती आहे. डोकं खाली करून नाक मऊ कापडाने टिपा. ड्रॉपर फेकून द्या.

गार पिल्लाला दूध द्यायचंच नसतं, ते पचत नाही, पोट फुगतं. आधी ऊब. बाटलीत गरम पाणी, वर दोन घड्या टॉवेल, खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे फार गरम झालं तर त्याला सरकता येईल. पंखा, एसी बंद. हात लावला की कोमट लागायला हवं, मग पुढचं.

मग आधी पाणी. पाकिटावर लिहिलंय तसं ओआरएस करून कोमट एक-दोन फेऱ्या. नंतर कुत्र्याच्या पिल्लांची दुधाची पावडर, सुरुवातीला पातळ. गाई-म्हशीचं नको, त्यातली दुधातली साखर यांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्या जिवाला जुलाब म्हणजे अर्ध्या दिवसात खेळ संपतो.

किती तर वजनाच्या पाच टक्के एका वेळी. २० ग्रॅमला १ मिली, तुमच्या १९ ला ०.९ धरा. दर दोन-तीन तासांनी, रात्री एकदा-दोनदा. १ मिलीची सिरिंज, सुईशिवाय, मेडिकल उघडलं की घ्या. पिल्लू पालथं, डोकं किंचित वर, पोटावर झोपून आईला पितं तसं. उताणं कधीच नाही. एक थेंब ओठाला लावा, ते चाटेल, मग दुसरा. दांडा दाबून आत सोडायचं नाही, त्याने ओढून घ्यायचं.

आणि दूध दिल्यावर प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, शी-शू होईपर्यंत. आई चाटून करते ते. डोळे उघडेपर्यंत त्यांना स्वतःहून होत नाही, हे विसरलात तर कितीही चांगलं दूध द्या, फुगून जातं.

श्वास घेताना टक टक आवाज आला किंवा तोंड उघडून श्वास घेतलं तर तासभरही थांबू नका, डॉक्टर. आणि उजाडलं की आधी गेटजवळच्या झाडाखाली ऊबदार खोक्यात दोन-तीन तास ठेवून बघा आईसाठी, लांब उभं राहून. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकते हे खरं नाही, ती नेते परत. दिवसाच येईल, रात्री खारी फिरत नाहीत.

---

ऐरोली_सेक्टर | २३ जून, दुपारी १२:१०

आई आली!!! साडेनऊला गुलमोहरावरून खाली उतरली, दोनदा परत पळाली, मग मान धरून तोंडात घेऊन गेली. नाकातून परत काही आलं नव्हतं, ऊब देऊन ठेवलं होतं. वॉचमनकाका आणि मी दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. थँक यू ताई, खूप थँक यू.

---

ढोकाळी_गॅलरी | २९ जून, सकाळी ८:०५

गुळीचं वजन ६१ वरून ५७ वर आलंय. शेवग्याचा पाला फेकून देते, दूध मात्र पिते. बिया शोधत खोकं उकरते आणि माझ्याकडे बघते. मला बघवत नाही. थोड्या, अगदी चार बिया दिल्या तर?

---

येऊर_वाटसरू | २९ जून, सकाळी ८:४०

नका देऊ ताई. हे चार ग्रॅम बियांच्या चरबीचे गेलेत, जाऊ देत. दूध पितेय, शी घट्ट आहे, डोळे चमकदार आहेत तोवर घाबरू नका. सलग तीन दिवस खाली गेलं, किंवा एका दिवसात दहा टक्के गेलं, किंवा दूध पण सोडलं, तर डॉक्टरांना फोन. पाला तसाच देऊ नका, बारीक चिरून अंजिराच्या गरात कालवा. भूक लागली की आधी ते ठेवायचं, दूध नंतर.

आणि वहीत वजनाशेजारी अजून एक रकाना काढा, आज काय केलं तो. चढली, उडी मारली, पाय कसा पडला. मी तेच बघतो आधी, आकडा नंतर.

---

ढोकाळी_गॅलरी | ६ जुलै, रात्री ८:२२

वहीतलं देतेय.

३० जून: गुळी ५७, तीळ ४९. गुळी पाला-अंजीर चाटलं.
२ जुलै: ५७, ५१. गुळी टॉवेलच्या टोकावर चढली, एक वीत.
३ जुलै: ५८, ५१. समुद्रफेस कुरतडला, दोघांनी भांडून.
५ जुलै: ५८, ५४. डावा पाय सरळ पडतोय.
आज: ५९, ५५. पडद्यावर! अर्ध्यापर्यंत जाऊन परत आली. लेक ओरडलीच.

आणि आता ती हातावर बसत नाही. धरायला गेलं की चक चक करून अंगावर येते, काल बोटाला चावली (रक्त आलं म्हणून साबणाने धुऊन डॉक्टरांना विचारून आले). मला इतका आनंद झाला चावल्याचा.

---

नौपाडा_आजी | ६ जुलै, रात्री ८:५०

देव भलं करो तुझं. फोटो टाक गं.

---

खारघर_हिल | ६ जुलै, रात्री ९:१०

आता सोडायचं कसं काय ठरलंय? एकदम गॅलरीतून सोडू नका, पावसाळ्यात पहिल्याच रात्री भिजून थंडीने जातात, आणि मांजर म्हणजे काय हे यांना माहीतच नाही.

---

ढोकाळी_गॅलरी | ६ जुलै, रात्री ९:३५

स्वयंसेवकांशी बोलणं झालंय. त्यांच्याकडे झाडाला लागून मोठा जाळीचा पिंजरा आहे, आत घरट्याची पेटी. तिथे काही आठवडे ठेवतात, माणसांची सवय मोडते, बाहेरच्या खारींचे आवाज कळतात, मग दार उघडं ठेवतात आणि खाणं चालू ठेवतात, जातील तेव्हा जातील. डॉक्टरांनी गुळीचा एक्स-रे परत काढायला सांगितलाय, तो चांगला आला की दोघांना एकत्रच नेणार.

---

ढोकाळी_गॅलरी | २ ऑगस्ट, दुपारी ३:१५

एक्स-रे चांगला आला, १४ जुलैला दोघं गेले. घरातलं शेवटचं वजन गुळी ६२, तीळ ६३. खोकं रिकामं बघून लेक दोन दिवस जेवली नाही नीट.

आज स्वयंसेवकदादांना फोन करून विचारलं आता किती भरलं वजन. ते म्हणाले, सांगता येत नाही ताई, दहा दिवस झाले दोघं पकडायलाच मिळत नाहीत, मी दार उघडलं की पेटीच्या मागे, आणि गुळी पिंजऱ्याच्या छतालाच उलटी लटकून असते.

वही मी बंद करून कपाटात ठेवली.